तनुजाच्या नावाची सुई

— नाय, सुईत काय बी खोट नाय, उजैर सर! बसायचं तर बसा, नाय तर आल्या रस्त्यानं चिकलठाण्याला परत जा — पण माझ्याच घरी येऊन माझ्या कामाला नावं ठेवू नका! तुमच्या ट्रेनिंग सेंटरच्या त्या नकली कॉकपिटमधला एकेक काटा या सुदर्शननं कोड लिहून उभा केलाय — होकायंत्र म्हणू नका, उंचीमापक म्हणू नका, अन् ही उभी सुई. धावपट्टी डावीकडं ऱ्हायली की सुई डावीकडं, विमान रेषेत आलं की मधोमध — ढगात बाहेरचं काय दिसत नाय तवा पायलटला तेवढाच आधार. अन् तुम्ही कालचे मास्तर, मला शिकवणार व्हय सुई कशी हालती ते?

दुसऱ्या पोरांची तक्रार हाय का? नाय ना? मग! एकट्या तनुजाचंच विमान वाकडं जातं तर सुईचा काय दोष — नाचता येईना अंगण वाकडं! माझी लेक हाय म्हणून मी झाकत नाय. हातच नाय तिचा. तिच्या आईला बी तेच सांगतो — सोड म्हणावं हा नाद, वाळूजला नोकरी धर, संध्याकाळी घरी ये. खामखा कशाला आभाळात — अन् दोन सेकंद उशिरा हालणाऱ्या सुईवर कुणाचं बी विमान — काय? उशिराचं तुम्हीच बोललात की! नाय बोललात? सुई ‘बरोबर वाटत नाय’, एवढंच?

... बघू नका असं. व्हय, केलं! तिच्या नावानं लॉगिन झालं की सुई रेंगाळती — मीच केलं. बाप हाय मी! पोरांच्या सरावासाठी कुठला काटा कसा अडकतो, कुठला कसा फसवतो, हे मीच बसून लिहितो रोज — लई भ्या वाटतं, कळलं? एकुलती एक पोर. कंटाळंल, सोडंल, एवढंच डोक्यात व्हतं. तुम्हाला लेक असती म्हंजे असं तोंड वर करून आला नसतात!

काय? ... पास झाली? त्याच सुईवर? म्हंजे — सुई मधी यायच्या आधीच विमान सरळ करती ती? म्हणून आलात व्हय ... सवय करून घेतली पोरीनं. माझ्या खोट्या सुईची सवय. अन् परवा खऱ्या विमानात बसवणार तिला?

अहो, खरी सुई रेंगाळत नाय! ही पोर आपली विमान आधीच सरळ करंल, अन् धावपट्टीच्या बाजूलाच ऱ्हाईल — ढगात — नाय नाय. थांबवा तिला! पुन्हा पहिल्यापासून बसवा. सुई मी आत्ताच नीट करतो ... पण तिचा हात कसा नीट करू?

नाय, तुम्ही नाय सांगायचं. मी सांगीन. जल्मभर बोलली नाय तरी चालंल. तुम्ही निघा आता — निघा म्हणलं ना! ... तनू! ए तनू, जरा बाहेर ये.