निम्मी शक्यता

हॅलो?… हो, आईच बोलतेय. कशी आहेस?… नाही, आज दुकान लवकर बंद केलं. डावा हात सुजलाय, शिवताना कापड धरवत नाही… अगं, घाबरू नकोस. इंजेक्शननंतर सूज येणारच, डॉक्टर म्हणालेच होते.

हो, हो… कापाकापी नाही, टाके नाहीत. सुई थेट हातावरच्या गाठीत… दुखतं म्हणजे? आग आग होते. इस्त्रीचा चटका बसल्यासारखी. मग बधिर… ऐक ना, मागच्या महिन्यातल्या पाचांपैकी तीन विरल्या! खपली धरली, पडली, खाली नुसता डाग. दोन मात्र ढिम्म. त्यांनाच काल परत टोचलं.

छे गं, या वयात मला कुठे मिरवायचंय? खरं सांगू? तुझ्या दंडावर ती पहिली गाठ दिसली ना, म्हणून गेले. म्हटलं, आधी माझ्यावर होऊन जाऊ दे… हो, तुला बाळंत झाल्यावरच. पोटुशीला नाही टोचणार ते.

काय?… बाळालाही होऊ शकतात या गाठी?… निम्मी शक्यता. हं… रडू नकोस, पिल्ला. जावई काय म्हणतात?… तूच ठरव म्हणतात?

अगं, साध्या गाठी त्या, जिवाला धोका… हो. हो, कळतंय. साध्या कशा म्हणू मी? माप घ्यायला गेले की बायका अंग चोरायच्या. शेवटी टेप त्यांच्याच हातात देऊन आकडा विचारायचे. शाळेत सोडायला आले की तू कोपऱ्यावरूनच ‘जा आता’ म्हणायचीस… राग नाही गं, लहान होतीस.

काय विचारलंस?… मला आधी माहीत असतं तर… तुला जन्म दिला असता का?

…थांब, दार लावून घेते. हं, ऐकतेय.

माहीत होतं गं… हो. तू पोटात असतानाच. तुझ्या आजीच्याही हातावर होत्या. डॉक्टरांनी तेव्हाही निम्मंच सांगितलं होतं… नाही, तुझ्या बाबांनाही नाही बोलले. कुणालाच नाही. वाटलं, निम्म्यात आपण सुटू… मला तू हवी होतीस. बस, एवढंच… खरंय, तुला नाही विचारलं. कसं विचारणार होते?

नाही… मी ‘होऊ दे’ही म्हणणार नाही, ‘नको’ही नाही. तोंड कुठंय मला?… बोल ना. भांड माझ्याशी. हवं तर गप्प बस, पण फोन नको ठेवूस… पिल्ला?… अगं…

हॅलो?… हॅलो?