बिनखिडकीचं कलादालन

— नाय, निशा मॅडम आता नायत इथं, येतील. तू काढ ना फोटो, बाय, फोटोला इथं कोण नाय म्हणत नाय, उलट आमच्या यांना आवडतं. बाहेर पाटी वाचलीस ना, राघो मढवी कलादालन? ते आमचे हे. वरच राहतो आम्ही. मी तुळसा, निशाची सासू — ती नसली की टेबलाशी बसते, कोण आलं तर दिवे लावून देते. श्रिया म्हणालीस ना नाव? आणि कॉलेजात हेच शिकतेस, आतलं डिझाईन? मग बरोबर जागी आलीस. चित्रं बघायला कळव्यात कोण येतंय, खरं सांगते, येतात ते हा हॉल बघायला. ही वळलेली भिंत बघायला. दारातनं शिरलीस की भिंतच तुला धरून नेते, गोल गोल, शंखात गेल्यासारखी, प्रत्येक चित्रावर वेगळा दिवा — आणि फिरवून आणून सोडते इथंच, या टेबलापाशी. मी पहिल्यांदा आत गेलेली तेव्हा घाबरले. म्हटलं, बाहेर पडायचं कुठनं? तर सुशांत हसला — हे सगळं ज्यानं केलं तो, डोंबिवलीचा पोरगा, या कामाचं बक्षीस मिळालं त्याला — म्हणाला, आजी, वाट एकच, आलात तिथूनच.

बस की जरा. खुर्ची ओढ. तुला म्हणून सांगते, हा हॉल यांनी निशासाठी बांधला. पाटी यांच्या नावाची, पण बांधला तिच्यासाठी. ही जागा आमचीच, इथनं पार खाडीपर्यंत मिठागर होतं, मी लग्न होऊन आले ती थेट मिठात उतरलेली. पुढं मिठागर गेलं, बिल्डिंग आली, धनेशचं — माझ्या मुलाचं — बांधकामाचं ऑफिस आलं, आणि मग निशा आली. ठाकुर्लीची, आमच्यातलीच. विठ्ठलवाडीला शाळेत चित्रकला शिकवायची. लग्नानंतरही जायची, सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी पोरांच्या गमती सांगत घरात शिरायची. यांना ते बरं नाय वाटायचं. लोक विचारायचे ना, राघोची सून नोकरी करते, तिला कमी काय पडलं? पण हे ओरडणारे नायत हां. माणूस वाईट नाय. जेवताना म्हणाले, निशा, तुला चित्रांची आवड हाय ना, मग दुसऱ्याच्या शाळेत कशाला झिजतेस, आपल्याच बिल्डिंगीत तुला हॉल बांधून देतो, ठाण्यात नसेल असा. बँक मागत होती ही जागा, बँकेला परत पाठवलं. आता तूच सांग, त्यावर पोरीनं काय बोलायचं? नको म्हणायचं? सासरा एवढं करतोय आणि नको? तिची आई तर ठाकुर्लीहून येऊन यांच्या पाया पडून गेली. निशानं शाळा सोडली.

सुरुवातीला खूश होती, खोटं कशाला बोलू. सुशांत यायचा, दोघं नकाशे पसरून बसायची, निशानं तर पुठ्ठ्याचा अख्खा हॉल केलेला, आमच्या जेवणाच्या टेबलावर असायचा, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. त्या पुठ्ठ्याच्या हॉलात मागच्या बाजूला पोरांसाठी खोली होती, ब्रश धुवायला बुटकी बुटकी बेसिनं, आणि गल्लीत उघडणारं वेगळं दार — वस्तीतली पोरं थेट यावीत म्हणून. आणि एक मोठी खिडकी, खाडीच्या अंगाला. उत्तरेचा उजेड म्हणे चित्राला चांगला, दिवसभर सारखा राहतो. मग काय झालं? काय नाय झालं, एकेक गोष्ट निघत गेली. हे म्हणाले, मागच्या गल्लीतनं कोण आला कोण गेला ते वर कळणार कसं — दार गेलं. धनेशला मिटिंगला खोली हवी होती — पोरांची खोली गेली. धनेश चांगला हाय गं, पण बापासमोर त्याचं तोंड उघडत नाय. आणि खिडकीचं तर सुशांतच बोलला, उन्हानं रंग उडतात, चित्राला भिंत लागते, आपण आतून बोर्ड मारून घेऊ, बाहेरून बिल्डिंगला काही फरक नाही. दर वेळी निशा म्हणायची, ठीक आहे. शेवटी पुठ्ठ्याचा हॉल तिनंच उचलून गच्चीवर ठेवला.

उद्घाटनाला पुढारी आले, बॅनर लागले, तिची चित्रं यांनी स्वतः उभं राहून लावून घेतली — ही बघ, ही सगळी तिची. आणि दुसऱ्या दिवसापासनं ती या खुर्चीत. शेजारी नवऱ्याचं ऑफिस, वर आम्ही, मधे ती. चहा वरनं, जेवण वरनं. बाहेर जायला कारणच नाय उरलं. ठाकुर्लीला आईकडं जाते म्हणाली तर हे म्हणायचे, जा की, पण हॉल बंद दिसला तर बरं दिसतं का? ते पण खरंच. नवीन चित्र तिनं एक काढलं नाय. मी विचारलं तर म्हणाली, आई, इथे आत बसून बाहेर ऊन आहे का ढग आलेत तेसुद्धा कळत नाही हो. मी म्हटलं, वर येऊन बघून जात जा. काय बोलले मी तरी.

आणि मग ते मे महिन्यात झालं. दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला, सगळ्या भागातले लाईट गेले. तेव्हा हे दार बटणावर होतं, आतनं बटण दाबलं की उघडायचं — लाईट असली तर. बॅटरी होती म्हणे, ती चाललीच नाय. ती एकटी आत. मोबाईल शेजारी धनेशच्या टेबलावर चार्जिंगला, धनेश साईटवर, वॉचमन ट्रान्सफॉर्मर बघायला गेलेला, आणि आम्ही दोघं वर झोपलेलो. खिडकी नाय, फट नाय — डोळा उघडा हाय का मिटलेला ते कळणार नाय असा काळोख. तिनं दार वाजवलं, हाका मारल्या. असलं जाड दार, आवाज जातो कुठं? एसी बंद, हवा कोंडत चाललेली. मग तिनं खिळे ठोकायची हातोडी घेतली टेबलातनं आणि भिंत चाचपत चाचपत आत गेली. खिडकी कुठं पुरलीय ते तिला माहीत होतं. पहिलं तिथलं चित्र उतरवलं, नीट बाजूला ठेवलं — स्वतःचंच चित्र — आणि मग मारली हातोडी. मारत राहिली. बोर्ड फुटला, मागं काच तशीच, गज तसेच, आणि गजापलीकडं खाडी.

धनेशनं मेकॅनिक आणून दार उघडलं तोवर ऊन उतरलेलं. मी मागनं शिरले. ती त्या भगदाडाशी खाली बसलेली, केस पांढरे झालेले बोर्डाच्या भुकटीनं, हाताला रक्त. रडत नव्हती. हे आले आणि पहिलं काय विचारलं? भिंत कोणी फोडली?

ती म्हणाली, "मी फोडली, बाबा. इथे खिडकी आहे."

हे म्हणाले, "मला माहीत हाय."

बस, एवढंच. ना ते चिडले ना ती. लगेच माणसं बोलावून भिंत बुजवली, रंग मारला. दाराला साधी कडी बसवली, तेवढं ऐकलं धनेशनं. सांधा दिसतोय का बघ तुला — त्या वळणावर, तुझ्या उजव्या हाताला, तीच. नाय ना दिसत? काम चांगलंच केलं त्यांनी.

त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. दिलं तर खायची, नायतर नाय. मला भीती वाटायला लागली, बाय, खोटं नाय सांगत. मग एकदा केसाला तेल लावून देत होते तर म्हणाली, आई, तुम्ही एक दिवस खाली बसाल? शाळेत नुसती भेटून येते. मी बसले. ती गेली, आली, तोंडावर जरा रंग आलेला. मग परत एकदा. मग — तू कोणाला सांगणार नायस ना? तुझं काय, तू कुठली कोण — मग म्हणाली, त्यांची चित्रकलेची बाई रजेवर गेलीय, वर्षभरच जागा आहे, आई, वर्षभर बसाल? यांचे गुडघे गेलेत, हे सहसा खाली उतरत नायत. धनेशला माहीत हाय, तो बघून न बघितल्यासारखं करतो. ती जेवण खाली आणलंय सांगून निघते, यांच्या संध्याकाळच्या चहाच्या आत परत येते. कुडत्याला रंग लागलेला असतो, तो मी इथंच बेसिनला धुते. तर आता हे असं चाललंय. मॅडम येतील म्हणाले मी तुला, तर येतील, पण संध्याकाळी.

मला काय होतंय बसायला? काय नाय होत. एसी हाय, खुर्ची मऊ हाय. मिठागरात उन्हानं पाय फुटायचे आमचे, खार आत जायचा, रात्री आग व्हायची — पण वर मान केली की आभाळ होतं, बाजूला चार बाया होत्या, गाणी म्हणायचो, भांडायचो. इथं कोणाशी भांडू? परवा ती आली ती पेढा घेऊनच. इथंच, उभ्या उभ्या माझ्या तोंडात घातला. म्हणाली, आई, ती बाई परत येणार नाही, शाळेनं मला कायम केलं. आनंद झाला मला. झाला ना, का नाय होणार, माझी पोर हसत होती किती दिवसांनी. पण ती वर गेली तशी मी तो पेढा तोंडातनं काढून कागदात गुंडाळला. कायम म्हणाली ती. तिच्या लक्षातच आलं नाय, आणि येऊ पण नये — पण कायम म्हणजे मी पण —

थांब, वरनं फोन आला. — हां, बोला. — हाय ना, आत हाय. चित्र सरळ करतेय, हात मोकळे नायत तिचे. — एक कॉलेजची पोरगी आलीय, तिला दाखवतेय ती सगळं. — हो, सांगते. — नाय, तुम्ही कशाला उतरताय गुडघ्यानं, मी हाय ना इथं. बसलेय मी. ठेवा.

झाले ना तुझे फोटो? मग निघ आता, बाय. — मी? चहाला? नाय गं, टपरी दोन पावलांवर हाय, पण नाय. तू जा. मला इथनं उठता येत नाय.