कडू घासातली साईभाजी

काका, गल्लीतल्या सगळ्या मायबहिणींनो, भाऊहो,

काकूंच्या शोकसभेत आता माईक मी घेतला. मी हरेश. काकूंच्या समोरच्या घरातला. राजापेठेत माझं पडदे-चादरीचं दुकान आहे. दुकानात दिवसभर बोलतो, पण इथं उभं राहून वनमालाकाकू ‘होत्या’ म्हणणं मले जमत नाही. तुमी सांभाळून घ्या.

काकूंच्या स्वयंपाकाबद्दल आधी बरेच जण बोलले. सिंधी, मद्रासी, मोगलाई, सगळं करत. हौस होती म्हणे. हौस तर होतीच. पण ती काहून, कशापायी होती, तेवढंच मले सांगायचं आहे.

घरात माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी डबा नेतात. पिठलं-भाकर. आपण त्याले कडू घास म्हणतो. माझे बाबा गेले तेव्हा आमच्याकडंही डबे आले. सगळ्यांनी मायेनं आणले. माझ्या आईनं एकाचंही झाकण उघडलं नाही. भिंतीले टेकून बसली होती. रडत नव्हती, बोलत नव्हती, जेवत नव्हती. आमी हात टेकले होते.

तेव्हा काकू आल्या. पातेलं आईपुढं ठेवलं आन म्हणाल्या, “भाभी, साईभाजी केली. तुमच्यासारखी नसन.”

साईभाजी म्हणजे आमच्या सिंध्यांची पालकाची भाजी. हरभऱ्याची डाळ, पालक, चुका, शेपू, सगळं एकत्र शिजवून घोटतात. काकूंचं माहेर बार्शीटाकळीचं, भाजीपाला पिकवणारं घर. तिकडून अंबाडी आली होती. चुका मिळाला नाही, म्हणून काकूंनी अंबाडी घातली. बरं, अंबाडी घातली म्हणजे ज्वारीच्या कण्या आल्याच. वऱ्हाडातल्या बाईचा हात कण्यांशिवाय राहते का? वरून लसणाची चरचरीत फोडणी.

आईनं एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. मग बोलली. बाबा गेल्यावरचं तिचं ते पहिलं बोलणं. म्हणाली, “वनमाला, ही साईभाजी नाही.”

काकू म्हणाल्या, “मंग काय चुकलं ते सांगा.”

आन आई सांगू लागली. यात कण्या नसतात. शेपू एवढा नाही घालत. माझी माय अशी करायची. यांले ती भातावर लागायची, भाकरीसोबत चालायची नाही. बोलता बोलता बाबांचा विषय निघाला आन आई ढसाढसा रडली. रडता रडता जेवली. काकू ऐकत होत्या आन मधेमधे वाढत होत्या.

बँकेतले सुब्रमण्यम साहेब इथं बसले आहेत. त्यांच्या मिसेस गेल्या तेव्हा काकूंनी रसम नेलं. रसमात शेंगदाण्याचा कूट. साहेब, तुमी आता हसून राहिले, पण त्या दिवशी तुमी काकूंले रसम कसं करतात ते किती वेळ समजावत होते, आठवते ना? रफीकभाईच्या अम्मी गेल्या तेव्हा डाळ-दुधीचा दालचा नेला. इतका तिखट की अब्बांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. कोणतं तिखटाचं आन कोणतं दुःखाचं, कोणाले कळलं नाही. अब्बा म्हणत, त्या दिवशी मन हलकं झालं.

काकू सणासुदीले प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत. तुमच्यात काय करतात, कसं करतात, विचारत. आपल्याले वाटे, बाईले चटक आहे. पण काकू सुखाच्या दिवसांत दुखाच्या दिवसासाठी शिकून ठेवत होत्या.

एकदा मी विचारलं, काकू, तुमी मुद्दाम चुकता का? भडकल्या. म्हणाल्या, “मुद्दाम काहून चुकू? मले जमते तसं करतो.” मग म्हणाल्या, “दुखातल्या माणसाच्या ताटात त्याच्या घरचं दिसलं पायजे, हरेश. आन थोडं चुकलं त बरंच होते. सांगाले तरी त्याचं तोंड उघडते.”

अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. उभ्या जन्मात पाहणार नाही.

आता काकांच्या घरी आमचे डबे गेले. साईभाजी, रसम, दालचा. ज्याचं त्यानं केलं, एकदम फक्कड केलं. काका जेवले नाहीत. ताटाले हात लावतात आन उठतात. आजही सकाळपासून नुसत्या चहावर आहेत. मले त्यांची फार काळजी वाटते.

काल माझी बायको म्हणाली, आपण काकूंच्या आवडीचं करून नेऊ. पण काकूंले काय आवडे? आईले विचारलं. साहेबांले विचारलं. रफीकभाईले विचारलं. गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरचं काकूंले माहीत होतं. काकूंच्या आवडीचं एकालेही माहीत नाही. त्या सगळ्यांले वाढत राहिल्या, आन त्यांच्या ताटात काय असे, हे आमी कोणी पाहिलंच नाही.

हे एकाच माणसाले माहीत आहे. काका, तुमाले.

म्हणून माझी विनंती आहे. आपण सगळे उभे राहू. काकूंले हात जोडू आन शांत राहू. किती मिनिटं, ते मी सांगत नाही. काका, तुमाले बोलावंसं वाटन तेव्हा फक्त त्या पदार्थाचं नाव सांगा. आज तुमच्या घरी चूल पेटवू, तुमी सांगसान तसं करू आन तुमच्या पंगतीले बसू.

घाई नाही, काका. आमी उभे आहोत.