गोलकीपर विकला

फुटबॉल क्लबच्या मेंबरशिप काउंटरपुढे रांग होती. कॉफी घेऊन येणाऱ्या पायलला लांबूनच पप्पांचा आवाज ऐकू आला. सुजितदादाशी त्यांची जुंपली होती. पायल दोन माणसं सोडून मागेच थांबली.

"गोलकीपर विकला! आणि समर सीझनसाठी आणलं काय? आणखी एक स्ट्रायकर!"

"पप्पा, तो छत्तीसचा झाला होता."

"म्हणून काय झालं? मागे भगदाड पडलंय आणि हे पुढे माणसं कोंबतायत. अक्कल गहाण टाकलीय यांनी!"

"हळू बोला ना, लोक बघतायत."

"बघू देत! तुझ्या आईचा लाडका होता तो. गेली त्या आठवड्यातसुद्धा हॉस्पिटलात त्याचीच मॅच लावायला सांगितली तिनं."

"मग क्लबनं आईला विचारून विकायचा होता का?"

"अजिबात मेंबरशिप नको मला. कॅन्सल कर!"

"क्रेगीबर्नच्या घरून इथवर यायच्या आधी सांगायचंत. बरं, दोन्ही कॅन्सल करू? तुमची आणि आईची?"

"तिची कशाला? स्टेडियममधली तिची सीट राहू दे."

"आणि तुमची?"

"अरे गाढवा, तिच्या शेजारी मग काय तुझा सासरा बसणार?"