साठेकाकांची गोष्ट

एक चूक अजून मनातून जात नाही बघा. लेकीच्या वाढदिवसाला आम्ही गच्चीवर तंबू ठोकून कॅम्पिंग ठरवलं होतं. आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरचे साठेकाका आले. साताऱ्याचे निवृत्त स्काउट शिक्षक, हल्लीच मुलाकडे बनारसला राहायला आलेले. म्हणाले, “तंबूत मुलांना गोष्ट मी सांगू का?”

मी हसून म्हटलं, “राहू द्या काका, इथल्या पोरांना मराठी कुठे समजतंय!”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

पोरं तंबूत शिरली ती मोबाइल घेऊनच बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून म्हणाली, “बाबांनी आठवडाभर माझ्याकडून ती गोष्ट हिंदीत घोटून घेतली होती.”

केक घेऊन तसाच खाली गेलो. काकांनी विचारलं, “पोरांना मजा आली ना?”