भलतीच टोकं

रक्त-कॅन्सरच्या विभागाबाहेर माझ्या मागच्या बाकावर एक वायरमन आणि त्याची बायको बसली होती. त्यांच्या मुलीला नुकतंच आत नेलं होतं.

"रक्तातली पांढरी पेशी स्वतःच स्वतःचा डीएनए कापते? मुद्दाम? हा काय मूर्खपणा!"

"मूर्खपणा कसला? नवनवे जंतू ओळखायचे तर तुकडे नव्यानं जोडावे लागतात. सगळ्यांच्याच अंगात चालतं हे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या."

"आणि कापताना बिघडलं तर?"

"तू चालू लाइनवर वायर कापतोस का? आधी मेन बंद करतोस ना? तीही आधी एकीच्या दोन होणं थांबवते, मग कापते. टोकं जुळलीच नाहीत, तर स्वतः मरून जाते."

"मग पोरीच्या अंगातली ती हरामखोर का नाही मेली?"

"तिची भलतीच टोकं जुळली, म्हणून निसटली. एक पेशी, एवढंच. माझ्या दुधातून आलं नाही, माझ्या माहेरच्या रक्तातूनही नाही. ऐकलंस ना बाईंचं?"

"ऐकलं."

"मग तुझी आई भरल्या घरात 'हिच्याच माहेरची कीड' म्हणाली, तेव्हा मिठाची गुळणी धरून का बसलास?"

"घरी गेल्यावर समजावतो तिला."

"घरी नाही. आत्ता फोन लाव. स्पीकरवर."

"अगं, लोक ऐकतायत."

"त्या दिवशीही ऐकतच होते. लाव."