शेवटच्या पानावरची भट्टी

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका.

मंदाताई, पल्लवी, आणि एवढा बर्फ शोव्हल करून, गाड्या बाहेर काढून या शोकसभेला आलेले तुम्ही सगळे. मी शालिनी साठे. खोब्रागड्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. चौदा वर्षं राहते आहे. असोसिएशनच्या लोकांनी फोन करून विचारलं होतं, बाई, दोन शब्द बोलाल का? मी नाही म्हटलं होतं. माझ्याकडे दोन शब्द नव्हते. जे होते ते बोलायची हिंमत नव्हती.

मग आत्ता आपल्या अध्यक्षांचं भाषण ऐकलं. ते म्हणाले, विलास खोब्रागडे हे आंतरराष्ट्रीय कन्सल्टंट होते, परदेशातल्या आजारी कारखान्यांवर त्यांनी उपाय केले. ते ऐकलं आणि शाळेत करत होते तसा हात वर केला. अध्यक्ष, रागावू नका. तुम्हाला माहीत नव्हतं. पण मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "उपाय कसले, बंद पाडले." तेही मी ऐकलं. माझे कान अजून शाबूत आहेत.

खोब्रागड्यांची पल्लवी खूण करते आहे, आंटी, यू कॅन सिट. नको गं. बसले तर उठणार नाही. आणि या हॉलची वेळ चारपर्यंत आहे, नंतर इथे मुलांचा कराटेचा क्लास असतो, हेही मला माहीत आहे. तोपर्यंत ऐका.

खोब्रागडे नागपूरचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेजातून सोव्हिएत स्कॉलरशिपवर गेले, काचेचं इंजिनिअरिंग शिकले, हेही ठाऊक असेल. युक्रेनमधल्या एका लहान गावात दोन वर्षं ट्रेनिंगला होते, हे थोड्यांना माहीत असेल. त्या गावात एकच कारखाना. बरण्या आणि बाटल्या. तिथे स्तेपान पेत्रोविच नावाचे एक फोरमन होते. त्यांनी यांना भट्टी शिकवली. यांना ते 'सिनोक' म्हणायचे, म्हणजे बाळा. खोब्रागडे मला सांगायचे, "बाई, पेत्रोविच भट्टीच्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, आज ही रुसली आहे."

काचेची भट्टी, मंडळी, आपल्या गॅसच्या शेगडीसारखी नसते. ती विझवत नाहीत. वर्षानुवर्षं रात्रंदिवस पेटती ठेवतात. विझली तर आतली काच आतच गोठते आणि विटा तडकतात. मग ती परत पेटत नाही. तिला फोडूनच काढावं लागतं. एवढं तुम्ही लक्षात ठेवा, बाकी मी सांगते.

इथे कॅनडात आल्यावर पाच वर्षं हा माणूस टोरोंटोजवळ वॉनला वेअरहाऊसमध्ये खोकी उचलत होता. डिग्री रशियन, अनुभव भारतातला, म्हणून इथे दोन्ही शून्य. मग एके दिवशी जिन्यातूनच ओरडत वर आले. "बाई! इंजिनियर म्हणून बोलावलंय!" टोरोंटोची एक कन्सल्टिंग कंपनी. रशियन येणारा, काच समजणारा माणूस त्यांना हवा होता. मंदाताईंनी त्या दिवशी नवऱ्याच्या नोकरीच्या आनंदात सगळ्या बिल्डिंगला पुरणपोळी खाऊ घातली. आठवतं ना, मंदाताई?

कंपनीने त्यांना पाठवलं कुठे? त्याच गावात. सोव्हिएत युनियन संपून दहा-बारा वर्षं झाली होती. पश्चिमेकडून कर्ज येत होतं आणि कर्जाबरोबर अटी येत होत्या, आणि अटींबरोबर या टोरोंटोच्या कंपनीसारखे सल्लागार. कुठला कारखाना ठेवायचा, कुठला विकायचा, हे सांगायला. दुकानांत बाहेरच्या बरण्यांमधला जॅम आला होता. ज्या गावात बरण्या बनतात त्या गावात! खोब्रागडे तीन आठवडे तिथे राहिले. पेत्रोविचच्या घरी जेवले. आणि रिपोर्ट लिहून परत आले.

आता माझ्यावर येते.

मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझं इंग्रजी चांगलं आहे. चांगलं म्हणजे, इथल्या गोऱ्यांपेक्षा चांगलं आहे, हे मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवत आले. वॉटर्लूच्या एका इन्शुरन्स ऑफिसात मी बावीस वर्षं पत्रं लिहिली. तुमचा दावा नाकारला आहे, हे मी चौथ्या परिच्छेदात सांगायचे. पहिल्या तीन परिच्छेदांत माणूस इतका खूश व्हायचा, की कित्येकांनी दावा नाकारल्याबद्दल आभाराची पत्रं पाठवली. हसू नका. मी ती जपून ठेवली होती.

तर खोब्रागडे कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "बाई, हे जरा बघता का? माझं इंग्रजी म्हणजे हातोडा."

मी पहिलं पान पाहिलं. पहिली ओळ होती: भट्टी विझवू नका. बस. तेवढीच ओळ. खाली रेघ मारलेली.

मी म्हटलं, "खोब्रागडे, हा रिपोर्ट साहेबाला देताय की कुत्र्याला हुकूम सोडताय?"

ते हसले. म्हणाले, "बाई, ती विझली की संपलं सगळं. म्हणून आधी सांगितलं."

मी म्हटलं, "असं नसतं. आधी आभार मानायचे. मग जे चांगलं दिसलं ते सांगायचं. तक्रार अगदी शेवटी, नम्रपणे. शेवटचं वाचलेलं माणसाच्या लक्षात राहतं."

हे मला सिस्टरांनी शिकवलं होतं. पाचवीत. मदर सुपिरियरना पिकनिकसाठी अर्ज कसा लिहायचा, या धड्यात.

ते म्हणाले, "पण बाई..." मी म्हटलं, "तुम्ही भट्टीचं बघा. इंग्रजीचं मी बघते."

या खोलीतल्या अनेकांना हे ओळखीचं वाटेल. कुणीतरी माझ्यासारखं येतं आणि तुमचं वाक्य नीट करून देतं. तुम्ही विचारलेलं असतं, म्हणून तुम्हाला नाही म्हणता येत नाही. मी ते उपकार म्हणून करत होते. चहासुद्धा मीच केला.

दोन दिवस मी त्या बावीस पानांवर बसले. पहिलं पान इतकं सुरेख झालं! कामगार कुशल आहेत. यजमानांनी सहकार्य केलं. कारखान्याची जागा गावाच्या मधोमध आहे, प्रशस्त आहे, रेल्वेचा फाटा थेट आतपर्यंत येतो. हे सगळं त्यांच्याच मजकुरातलं होतं, तेरा-चौदाव्या पानावर कुठेतरी पडलेलं. मी ते उचलून पुढे आणलं, कारण ते चांगलं होतं. आणि भट्टी? भट्टी मी शेवटच्या पानावर नेली. हुकूम काढून विनंती केली. रेघ खोडली.

त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचत होते. म्हणाले, "छान झालंय. माझं वाटतच नाही." मला ती शाबासकी वाटली.

मीटिंगमध्ये काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. साहेब लोकांनी पहिलं पान वाचलं. म्हणाले, ब्यूटिफुली रिटन. गावाच्या मध्ये मोकळी जागा, रेल्वेचा फाटा, मग बाहेरच्या मालासाठी गोदाम का नको? खोब्रागडे म्हणाले, शेवटचं पान बघा. ते म्हणाले, बघू, बघू. आणि पुढच्या कारखान्याकडे वळले. रिपोर्टवर सही खोब्रागड्यांची. शिफारस यांची. कारण शिफारस पहिल्या पानावर असते, हे मी सोडून जगात सगळ्यांना माहीत होतं!

थांबा. पाणी नको मला.

तुम्ही विचाराल, राजीनामा का दिला नाही त्या माणसाने? मीही विचारलं होतं, माझ्या तिखट जिभेने. आईला आणायचं होतं त्यांना. नागपूरला त्या एकट्या होत्या. आईला स्पॉन्सर करायचं तर इथे चांगली नोकरी दाखवावी लागते. अर्ज लागलेला होता. नोकरी सोडली तर आई तिकडे, तोंड उघडलं तर नोकरी जाणार. बाहेर कुणाला सांगायचं नाही असा कागदही सही करून घेतलेला. कुठून निघणार होता तो? तुम्ही सांगा, कुठलं दार उघडं होतं?

हिवाळ्यात भट्टीचा गॅस बंद केला. त्या गावातल्या घरांना ऊब त्याच कारखान्याच्या बॉयलरमधून यायची. तीही गेली. एका रविवारी दुपारी मी खाली त्यांच्याकडे बसले होते. मंदाताई ग्रोसरीला गेल्या होत्या. फोन वाजला. खोब्रागडे उभे राहूनच ऐकत होते. रशियन मला कळत नाही. फक्त 'सिनोक' कळलं, कारण ते यांनी मला शिकवलं होतं. पलीकडचा आवाज फार मोठा नव्हता. रागाचा तर नव्हताच. खोब्रागडे एकच शब्द बोलले आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"तीन दिवस विटा तडकत होत्या म्हणाले. बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं." मग म्हणाले, "विचारत होते, हे तू लिहिलंस का?"

"आणि तुम्ही?"

"हो म्हटलं."

मी म्हटलं, "अहो, पण शेवटचं पान! सांगायचं ना त्यांना, की तुम्ही लिहिलं होतं, पहिल्या ओळीत लिहिलं होतं, वरच्या मजल्यावरच्या एका शहाण्या बाईने..."

ते म्हणाले, "बाई, सही एकच असते."

आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेले.

आई आल्या. तीन हिवाळे राहिल्या, खिडकीतून बर्फ बघत गेल्या. त्यानंतर खोब्रागड्यांनी ती नोकरी सोडली आणि परत वॉनला, त्याच वेअरहाऊसमध्ये. लोक म्हणाले, जमलं नाही याला. जयंतीच्या कार्यक्रमात तुम्ही त्यांचा सत्कार ठरवला, ते आले नाहीत. लोक म्हणाले, गर्व झाला. पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी हसत हसत म्हणालं, यांना आमच्या ऑफिसात पाठवू नका हो, बंद पडेल. मी तिथेच होते. हातात पुलावाची प्लेट घेऊन. ही जीभ, जी दुकानात दहा सेंटसाठी भांडते, ती तेव्हा तोंडात गोळा होऊन बसली.

त्यांनी मला तशी शपथ घातली नव्हती. फक्त म्हणाले होते, "आता सांगून भट्टी पेटणार आहे का?" मला ते सोयीचं वाटलं. आठ वर्षं सोयीचं वाटलं. जिन्यात भेटले की ते पहिल्यासारखेच बोलायचे, माझे विंटर टायर बदलून द्यायचे. एकदा तरी रागावले असते तर मी सुटले असते. ते रागावले नाहीत. रोज वर-खाली करताना त्यांच्या दारावरून जावं लागायचं, आणि बिल्डिंगला दुसरा जिना नाही.

मंगळवारी वॉनच्या पार्किंगमध्ये, गाडी बंद करून, ते गाडीतच गेले. बातमी मला पल्लवीने जिन्यात दिली. म्हणाली, "आंटी, ही नेव्हर टॉक्ड अबाउट दॅट जॉब. डिड ही डू समथिंग राँग?"

पल्लवी, म्हणून मी हात वर केला. जिन्यात उत्तर देता आलं नाही, इथे सगळ्यांसमोर देते. नाही. तुझ्या बाबांनी पहिल्या ओळीत बरोबर लिहिलं होतं. खाली रेघ मारून. चूक दुसऱ्याची होती, आणि ती चूक सुवाच्य अक्षरात, उत्तम इंग्रजीत केलेली होती. मला असंही वाटतं, की ती ओळ पहिली राहिली असती तरी त्या साहेबांनी कारखाना विकलाच असता. त्यांना जागा हवी होती. पण मग पेत्रोविचना यांनी वेगळं उत्तर दिलं असतं. तेवढं मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

मंदाताई, तुम्ही रडत माझ्याकडे बघताय. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. खाली उतरले की तुम्ही माझा हात धरणार आणि म्हणणार, जाऊ द्या बाई. म्हणू नका. आज तरी नका म्हणू.

पेत्रोविच अजून तिथेच आहेत. थंड फ्लॅटमध्ये, जो विकायचा म्हटला तरी त्या गावात घेणार कोण? त्यांना कळवायला हवं, की सिनोक गेला, आणि सिनोकने ते लिहिलं नव्हतं. चार दिवस मी कागद घेऊन बसले आहे. पहिल्याच ओळीत लिहायचं ठरवलं आहे, आभार नाही, प्रस्तावना नाही. पण पेत्रोविचना इंग्रजी येत नाही. मला रशियन येत नाही. आणि ज्याच्याकडे हा कागद घेऊन मी जिना उतरून गेले असते, विचारलं असतं, जरा बघता का, तो माणूस आता खाली नाही.

आपल्याकडे दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे. मी आठ वर्षं शांत राहिले, त्याने त्यांचा कसलाही मान झाला नाही, त्यामुळे मला त्या शांततेचं फार कौतुक नाही. पण तुम्ही उभे राहा. मागच्या रांगेतले सुद्धा.

मी उभीच आहे.